वाचकांचे प्रश्न : नास्तिक आणि बाप्टिस्ट एकाच उमेदवारामागे कसे?

प्रश्न : मुलीकडे डॅलसजवळ काही महिने राहून नुकतीच परतले. तिच्या शेजारी एक बाप्टिस्ट कुटुंब आहे. जेवणाआधी प्रार्थना, रविवारी चर्च, आणि एकही मूल शाळेत जात नाही. आई घरीच शिकवते. समोरच्या घरातला संगणक अभियंता देव मानत नाही, गांजावरची बंदी उठवा म्हणतो आणि आयकराचं नाव काढलं की तापतो. निवडणुकीत मात्र दोघांच्या हिरवळीवर एकाच उमेदवाराची पाटी! मुलगी म्हणाली, “इथे असंच असतं.” माझं काही समाधान झालं नाही. — एक निवृत्त शिक्षिका

उत्तर : ताई, तुमचं समाधान झालं नाही हे बरंच झालं, कारण तिथे हे पूर्वापार असंच नव्हतं. ते माणसांनी जुळवून आणलं.

१९५५ साली विल्यम बकली यांनी न्यूयॉर्कमध्ये ‘नॅशनल रिव्ह्यू’ हे नियतकालिक काढलं. त्याच्या पानांवर परंपरानिष्ठ कॅथलिकही लिहीत आणि सरकारनं बाजारातून व माणसाच्या खाजगी आयुष्यातून बाजूला व्हावं असं मानणारे लिबर्टेरियनही लिहीत. साम्यवादाचा विरोध सोडला तर दोघांचं फारसं जमत नसे. १९५७च्या डिसेंबरमध्ये तर व्हिटेकर चेंबर्स यांनी याच नियतकालिकात आयन रँड या निरीश्वरवादी लेखिकेच्या कादंबरीची इतकी कठोर चिरफाड केली की तिनं बकलींशी कायमचं वैर धरलं.

या भांडणात फ्रँक मेयर उभे राहिले. ते आधी कम्युनिस्ट पक्षाचे कार्यकर्ते होते, त्यामुळे माणूस घडवायला निघालेलं सरकार काय करतं याची त्यांना आतून ओळख होती. त्यांचं म्हणणं असं : सक्तीनं करून घेतलेला सदाचार हा सदाचारच नव्हे. चोरी करायची मुभाच नसलेल्या कैद्याला आपण प्रामाणिक म्हणत नाही. म्हणून सरकारनं संरक्षण, पोलीस आणि न्यायालयं सांभाळावीत, आणि चांगुलपणाची शिकवण घर, चर्च व समाज यांच्याकडे राहू द्यावी. श्रद्धावंताला स्वातंत्र्य हवं ते त्याच्या श्रद्धेला अर्थ राहावा म्हणून. आणि आतून स्वतःला आवर घालणारी माणसं नसतील तर लिबर्टेरियनाचा मुक्त समाज चार दिवस टिकणार नाही.

मला हा विचार मनापासून पटतो. मी श्रद्धाळू आहे. रोजच्या प्रार्थनेशिवाय माझा दिवस सुरू होत नाही, पण ती कुणाकडून कायद्याच्या धाकानं करून घ्यावी असं मला कधी वाटलेलं नाही. बकलींचे मेहुणे ब्रेंट बोझेल यांना मात्र मेयर पटले नाहीत. समाजाचं ध्येय सदाचार आहे, स्वातंत्र्य नव्हे, आणि कायद्यानं त्या ध्येयाला हातभार लावलाच पाहिजे, असं त्यांनी १९६२ साली त्याच नियतकालिकात मांडलं. पुढचे सगळे वाद याच वादाची पिल्लं आहेत.

१९६०च्या सप्टेंबरात कनेटिकटमधल्या शॅरन गावी, बकलींच्या वडिलोपार्जित घरी, नव्वदेक परंपरावादी तरुण जमले आणि त्यांनी एक जाहीरनामा केला. त्यात देवाचा उल्लेख असावा की नसावा यावर चांगलंच वाजलं. शेवटी मतदान झालं आणि थोडक्या मतांच्या फरकानं देव आत आला. तोही माणसाला निवडीचं स्वातंत्र्य देणारा म्हणून आला, हे विसरू नका.

पण जाहीरनामे वाचून कुणी हिरवळीवर पाटी लावत नाही. तुमच्या दोन शेजाऱ्यांना खरोखर जोडलं ते घरच्या शाळेनं.

घरी शिकवण्याची चळवळ मुळात चर्चची नव्हती. बोस्टनच्या जॉन होल्ट यांनी १९७७मध्ये अशा पालकांसाठी नियतकालिक सुरू केलं. धर्माशी त्यांचा संबंध नव्हता. शाळा मुलांची जिज्ञासा मारते एवढंच त्यांचं दुखणं होतं. ऐंशीच्या दशकात ख्रिश्चन कुटुंबं मोठ्या संख्येनं या वाटेला आली, आणि टेक्ससमध्ये पालकांवर मुलं शाळेत पाठवत नाहीत म्हणून खटले भरले जाऊ लागले. तेव्हा पालकांनीच उलट दावा लावला. डॅलस आणि फोर्ट वर्थ यांच्या मधोमध आर्लिंग्टन आहे; तिथल्या शाळा मंडळाच्या नावानं तो खटला ओळखला जातो. १९८७मध्ये कनिष्ठ न्यायालयानं घरची शाळा ही खाजगी शाळाच मानली, आणि १९९४मध्ये टेक्ससच्या सर्वोच्च न्यायालयानं त्यावर शिक्कामोर्तब केलं. तुमच्या मुलीची शेजारीण आज मुलांना निर्धास्तपणे गणित शिकवते ती या निकालाच्या आधारावर.

त्याच वर्षी फेब्रुवारीत वॉशिंग्टनमध्ये शिक्षणाच्या एका मोठ्या विधेयकात एक कलम शिरलं. शिकवणाऱ्याकडे त्या-त्या विषयाचं प्रमाणपत्र हवं, असा त्याचा रोख होता, आणि ते आपल्यालाही लागू होईल अशी घरी शिकवणाऱ्यांना धास्ती पडली. डॅलसच्या उत्तरेला डेंटन गाव आहे. मी पुढे तिथे शिकवायला होते तेव्हा ज्यांच्या घरी भाड्यानं राहिले, त्या बाई या धास्तीतून गेल्या होत्या. त्या सांगत, “स्वयंपाकघरातल्या फोनचा रिसीव्हर हातातून खाली ठेवलाच नाही. लाइन कायम गुंतलेली. धाकट्याला मांडीवर घेऊन पुन्हा पुन्हा नंबर फिरवत होते.” देशभरातून आलेल्या फोनांनी संसदेचा स्विचबोर्ड ठप्प झाला. ते कलम काढून टाकायच्या बाजूनं ४२४ मतं पडली, विरोधात १. घरच्या शाळांना स्पष्ट संरक्षण देणारी दुरुस्ती ज्यांनी आणली ते डिक आर्मी त्याच भागाचे रिपब्लिकन खासदार होते. राजकारणात येण्याआधी डेंटनच्याच विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवायचे, कट्टर मुक्त बाजारवाले. माझ्या घरमालकीणबाईंना त्यांच्या अर्थशास्त्रात काडीचा रस नव्हता. “त्यांनी माझ्या मुलांना वाचवलं,” एवढंच त्या म्हणत, आणि पुढच्या प्रत्येक निवडणुकीत त्यांची पाटी अंगणात रोवत.

ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला त्या बाईंच्या वाक्यात दिसतं. सरकारला दाराबाहेर ठेवायचं असतं, तेव्हा ही दोन माणसं एका बाजूला असतात. दाराच्या आत त्यांचं काय चालतं हे एकमेकांना पटायची गरजच नसते.

प्रश्न : तुम्ही याला विचारांची युती म्हणाल, मला ती मतांची सोय दिसते. १९८० साली रेगननी धर्मगुरूंना जवळ केलं आणि निवडणूक जिंकली, इतकी ही साधी गोष्ट आहे. — बँकेत नोकरी करणारे एक वाचक

उत्तर : सोय होती, यात शंका नाही. १९७५मध्ये ‘रीझन’ या लिबर्टेरियन मासिकाला मुलाखत देताना रेगन म्हणाले होते की परंपरावादाचा आत्मा लिबर्टेरियन विचारात आहे. १९८०च्या ऑगस्टमध्ये तेच रेगन डॅलसला हजारो धर्मोपदेशकांपुढे म्हणाले, तुम्ही मला पाठिंबा जाहीर करू शकत नाही हे मी जाणतो, पण माझा तुम्हाला पाठिंबा आहे. दोन ठिकाणं, दोन भाषा.

पण दिसायला फायदा नसतानाही कोण काय करतं, ते पाहा. १९९०मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात ओरेगनमधल्या दोन माणसांचा खटला आला. मूळनिवासींच्या चर्चच्या विधीत त्यांनी पेयोटी हे नशा आणणारं निवडुंग खाल्लं, म्हणून त्यांची नोकरी गेली आणि बेकारभत्ताही नाकारला गेला. न्यायालयानं सरकारच्या बाजूनं निकाल दिला, आणि तो लिहिला होता परंपरावाद्यांचे लाडके न्यायमूर्ती स्कॅलिया यांनी. तरीही इव्हँजेलिकल संघटना, ज्यू संघटना आणि नागरी स्वातंत्र्यासाठी झगडणारे नास्तिक एकत्र आले. १९९३मध्ये धार्मिक स्वातंत्र्याचा कायदा झाला, सिनेटमध्ये ९७ विरुद्ध ३ मतांनी. पेयोटी खाणाऱ्यांची मतं ती किती असणार? उद्या माझ्या प्रार्थनेवर हात पडेल, म्हणून आज त्याच्या विधीसाठी उभं राहायचं, ही समज त्यामागे होती. अमेरिकेच्या राजकारणातला हा प्रसंग मला फार प्रिय आहे.

केटो इन्स्टिट्यूट ही लिबर्टेरियनांची वॉशिंग्टनमधली संस्था. टेक्ससच्या समलिंगी संबंधांवरच्या बंदीविरुद्ध २००३च्या खटल्यात तिनं न्यायालयात निवेदन दिलं, २०१५मध्ये समलिंगी विवाहाच्या बाजूनं दिलं, आणि त्यानंतर अशा विवाहाचा केक करायला धर्माच्या कारणानं नकार देणाऱ्या कोलोरॅडोच्या बेकरीवाल्याच्या बाजूनंही दिलं. निव्वळ सोय पाहणाऱ्यानं यातली एक तरी बाजू सोडली असती.

तुमचा राग मी समजू शकते, कारण धार्मिक बाजूकडून ही निष्ठा पुष्कळदा सुटली. परंपरावाद्यांचे जुने पुढारी, सिनेटर बॅरी गोल्डवॉटर यांना ते आधीच दिसलं होतं. १९८१मध्ये सिनेटमध्ये त्यांनी बजावलं की परंपरावादाच्या नावाखाली आपली नीती सगळ्या अमेरिकनांवर लादू पाहाल तर मी पावलोपावली लढेन. २००५मध्ये फ्लोरिडातल्या टेरी शायव्हो या, १९९०पासून भानावर नसलेल्या, बाईंची अन्न देणारी नळी काढण्याचा निर्णय न्यायालयांनी नवऱ्याच्या बाजूनं दिला होता. संसदेनं रविवारी खास बैठक भरवली, अध्यक्ष बुश टेक्ससहून विमानानं परतले आणि मध्यरात्रीनंतर तिच्या एकटीसाठी केलेल्या कायद्यावर त्यांनी सही केली. आयुष्यभर ‘सरकार घरात नको’ म्हणणाऱ्यांनी सरकारला एका खाटेपाशी आणून उभं केलं. ३१ मार्चला टेरी गेली. तिच्या आईवडिलांचं दुःख खरं होतं, त्याबद्दल मी एक शब्दही काढणार नाही. पण तो कायदा करणाऱ्यांना मला माफ करता येत नाही.

दुसऱ्याच वर्षी डिक आर्मींनी ‘फोकस ऑन द फॅमिली’ या ख्रिश्चन संघटनेच्या जेम्स डॉब्सन यांच्यावर दांडगाईचा उघड आरोप केला. चर्चचे पुढारी आता सत्ता कमी करायला नाही, ती वापरायला निघालेत, ही त्यांची तक्रार होती. डेंटनच्या त्या बाई आर्मी आणि डॉब्सन दोघांनाही मानत. या भांडणानं त्यांच्यासारख्या कितीजणींची कुचंबणा झाली असेल!

प्रश्न : मग आता ही युती मोडली म्हणायची का? — राज्यशास्त्राचा एक विद्यार्थी

उत्तर : वर, नेत्यांमध्ये, बरीचशी. २०१९मध्ये सोहराब अहमारी या कॅथलिक पत्रकारानं, सभ्यतेनं फक्त मोकळीक मागत बसणाऱ्या डेव्हिड फ्रेंच यांच्यासारख्या ख्रिश्चनांवर जाहीर तोफ डागली. सत्ता हाती घ्या आणि समाजहितासाठी वापरा, हे त्यांचं सांगणं म्हणजे बोझेलच पुन्हा बोलत होते. २०२४च्या मे महिन्यात ट्रम्प लिबर्टेरियन पक्षाच्या अधिवेशनात गेले. मतं मागितली तेव्हा हुर्यो झाली; अमली पदार्थांचा ‘सिल्क रोड’ हा ऑनलाइन बाजार चालवल्याबद्दल तुरुंगात असलेल्या रॉस उल्ब्रिक्टला सोडवीन म्हणाले तेव्हा टाळ्या पडल्या. जानेवारी २०२५मध्ये त्याला माफी मिळालीही. याला युती म्हणवत नाही, तो एका कलमापुरता सौदा होता.

तुला अभ्यासायचंच असेल तर टेक्ससचं २०२५चं विधिमंडळ घे. एकाच अधिवेशनात दोन कायदे झाले. एकानं पालकांना मुलांच्या खाजगी शिक्षणासाठी सरकारी पैसे दिले. ही कल्पना १९५५ साली अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमननी मांडली होती आणि ते देव मानणारे नव्हते. दुसऱ्या कायद्यानं प्रत्येक सरकारी शाळेच्या वर्गात बायबलमधल्या दहा आज्ञांचा फलक लावणं बंधनकारक केलं, आणि त्याला लगेच न्यायालयात आव्हान मिळालं. पहिल्यात मेयर दिसतात, दुसऱ्यात बोझेल, आणि मतदान करणारे हात पुष्कळसे तेच.

पहिल्या कायद्यातला एक तपशील जरूर पाहा. घरी शिकणाऱ्या मुलालाही वर्षाला २००० डॉलरपर्यंत रक्कम ठेवली आहे. ती नको म्हणणाऱ्यांत घरी शिकवणारे ख्रिश्चन पालकही होते. आज पैसे घेतले की उद्या हिशोब तपासायला माणूस येईल आणि परवा तो वह्याही उघडेल, ही त्यांची भीती.