'येते' म्हणायला लावणारी दादी

लाडक्या लेकी,

अस्सलामु अलैकुम. परवा फोनवर तू विचारलंस तेव्हा ड्युटीची बस दारात उभी होती, म्हणून आज सावकाश लिहितोय.

दादी तुला घरातून निघताना 'जाते' म्हणू देत नाही, मागे बोलावून 'येते' म्हणायला लावते. आणि मदरशात झोपायच्या दुआचा अर्थ कळल्यावर तू दचकलीस. मग रोज रात्री दादी स्वतः 'मी मरते' असं कसं म्हणते?

'येते'ची रीत आपल्या मराठीतली, सगळ्यांच्या घरातली. दुकानदार रात्री दुकान 'वाढवतो', शेजारच्या काकूंची बांगडी फुटली तरी ती 'वाढवली' म्हणायची. वाईट शब्द तोंडातून काढायचा नाही.

दुआ मात्र मरणाचं नाव सरळ घेते. 'अल्लाहुम्मा बिस्मिका अमूतु व अह्या.' हे अल्लाह, तुझ्याच नावाने मी मरते आणि जगते. (मी म्हणतो तेव्हा 'मरतो'; अरबीत मात्र दोघांचा शब्द एकच.) नबींचे सोबती हजरत हुजैफा सांगतात की नबी सल्लल्लाहु अलैहि वसल्लम रात्री अंथरुणावर पडले की गालाखाली हात ठेवून हे म्हणत. दादी तशीच निजते, बघितलंयस ना? कुरआनातल्या सूरह जुमरच्या 42व्या आयतीत आहे की अल्लाह मरणाच्या वेळी जीव घेतो आणि झोपेतही घेतो. ज्यांची वेळ भरली त्यांचा ठेवून घेतो, बाकीच्यांचा ठरलेल्या मुदतीपर्यंत परत पाठवतो. म्हणून निजताना जीव ज्याचा त्याच्या हवाली करायचा.

आता शब्दांचा क्रम बघ. आपण 'जगणं-मरणं' म्हणतो. इथे मरणं आधी आणि जगणं नंतर. सकाळी उठल्यावरची दुआही तशीच. ज्याने आम्हाला मृत्यूनंतर जिवंत केलं त्या अल्लाहची स्तुती, 'व इलैहिन नुशूर', आणि त्याच्याकडेच उठून जायचंय. 'नुशूर' म्हणजे कयामतला पुन्हा उठणं.

तुझे दादा, म्हणजे माझे अब्बा, गेले त्या रात्री त्यांनीही ही दुआ म्हटली होती. सकाळी ते उठले नाहीत. दुसऱ्या रात्री घर माणसांनी भरलेलं होतं. दादी भिंतीकडे तोंड करून आडवी झाली आणि तेच शब्द म्हणाली, एकही न गाळता. मी पंचविशीचा होतो, दुआ लहानपणापासून पाठ होती, पण ती मला त्या रात्री कळली. दादांचीही उठायची वेळ ठरलेली आहे, एवढा तिचा भरवसा होता. दारात ती 'येते' म्हणायला लावते ती याच भरवशाने, असं मला वाटतं.

इथे कुवेतमध्ये घड्याळ तुमच्यापेक्षा अडीच तास मागे. तुम्ही दहाला दिवे मालवता तेव्हा माझे साडेसात वाजलेले असतात आणि मी बसमधून खोलीवर परतत असतो. ती दुआ मी तेव्हा तुमच्याबरोबर मनात म्हणतो, मग झोपताना पुन्हा एकदा. दादीला सलाम सांग. निघताना उंबऱ्यात मी काय म्हणालो होतो, ते तिला विचार.

तुझे अब्बा