मूत्राशयाच्या कॅन्सरवर बीसीजी म्हणजे टीबीचीच लस देतात का? ती थेट लघवीच्या पिशवीत कशी सोडतात?

हो, तीच. आपल्या डाव्या दंडावर जिचा व्रण असतो, त्याच जातीचे जिवंत पण दुबळे केलेले जंतू, फक्त मात्रा कितीतरी मोठी. कॅनडाच्या डॉ. अल्वारो मोरालेस यांनी 1976 साली हा उपाय जगापुढे मांडला. जंतू आतल्या अस्तराला चिकटतात, शरीराची प्रतिकारशक्ती खवळून तिथे धावते आणि त्या धुमश्चक्रीत कॅन्सरच्या पेशीही मारल्या जातात. मात्र कॅन्सर वरच्या थरातच असेल तरच याचा उपयोग. स्नायूत शिरला असेल तर उपचार वेगळे.

दुर्बिणीतून गाठ खरवडून काढल्यावर दोनेक आठवडे जखम भरू देतात. मग आठवड्यातून एकदा, असे सहा डोस. बारीक नळीतून औषध सोडतात, नळी काढतात आणि दोन तास लघवी रोखून धरायची. माझ्या काकांना हेच सगळ्यात जड जायचं. त्या सकाळी ते चहाही टाळायचे. नंतर दिवसभर जळजळ, थोडी कणकण. ताप चढून उतरेना तर मात्र थेट डॉक्टरांना फोन.

घरी आल्यावर सहा तास लघवी बसूनच करा, पुरुषांनीसुद्धा. भांड्यात ब्लीच ओतून पंधरा-वीस मिनिटांनी फ्लश करा, कारण बाहेर पडणारे जंतू जिवंत असतात. लघवीत रक्त दिसत असेल किंवा जंतुसंसर्ग असेल तर तो डोस पुढे ढकलतात. तेव्हा हे लपवू नका.