खांबावरचे सोलापूर

प्रश्न : आमचा रहिवासी संघ रस्त्यावरील दिव्यांच्या खांबांवर सोलापूरची बहुभाषिक ओळख सांगणारे २४ उभे फलक लावणार आहे. पहिल्या आराखड्यात निरनिराळ्या पोशाखांतील हात जोडलेली माणसे असून त्यांखाली ‘सोलापूरकर’ हा शब्द मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू या चार लिप्यांत आहे. चित्रात चूक काही नाही, तरीही ते निर्जीव वाटते. काय बदलावे?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : पोशाखांची रांग शहराचे नाव बदलून कुठेही खपते, हेच तिचे दुखणे आहे. माणूस कोणत्या समाजाचा आहे हे दाखवण्यापेक्षा गावात चौघे मिळून काय करतात ते दाखवावे, आणि त्यासाठी सोलापूरला फार शोधाशोध करावी लागत नाही.

मकरसंक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वरांच्या यात्रेत निघणारे ७ नंदीध्वज घ्या. उंच, सरळ काठीचा तो आकार खांबावरच्या अरुंद फलकासाठीच घडवल्यासारखा आहे. बाजूला ते वाहणाऱ्यांच्या पांढऱ्या बाराबंदीची, म्हणजे बंद बांधलेल्या अंगरख्याची, केवळ एक रेघ पुरेल. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवडा तुरुंगात फाशी गेलेले सोलापूरचे स्वातंत्र्यलढ्यातील हुतात्मे मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांच्यासाठी तर चित्राचीही गरज नाही. सलग चार खांबांवर चार नावे लिहा. कोण कोणत्या समाजाचे हे सांगणारी तळटीप मात्र कृपया जोडू नका. नावे वाचणाऱ्याला ते कळते.

मला सर्वांत अधिक भरवसा सोलापुरी चादरीचा वाटतो. जॅकार्ड मागासाठी तिची नक्षी चौकटीच्या कागदावर घरे भरून काढली जाते, आणि दुपदरी विणीमुळे पुढच्या बाजूचे रंग मागे उलटे उमटतात. खांबावरचा फलकही जाणाऱ्याला आणि येणाऱ्याला अशा दोन्ही बाजूंनी दिसतो, त्यामुळे एका बाजूला लाल पार्श्वभूमीवर पांढरा मोर आणि दुसऱ्या बाजूला पांढऱ्यावर लाल मोर अशी छपाई केल्यास विणकामाची ही खुबी न सांगता कळेल. विणलेली सुती चादर मात्र पावसात टांगू नये. ती पाणी पिऊन जड होते आणि तिचा रंग उडतो. छपाईसाठी पॉलिस्टर कापड घ्यावे.

अक्षरांचा प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण आराखडा तिथेच अडेल. चार लिप्यांना एकच मापाचा टंक दिल्यास त्या सारख्या दिसत नाहीत. तेलुगू आणि कन्नडमधील जोडाक्षरांचे भाग ओळीखाली उतरतात, तर नस्तालिक वळणाची उर्दू तिरकी खाली येत जाते आणि उंचीला जास्त जागा मागते. म्हणून एका फलकावर एकच लिपी मोठी ठेवावी आणि खांबागणिक ती बदलावी. ३० फुटांवरून वाचायचे असेल तर अक्षराची उंची निदान ३ इंच हवी. चारही भाषांत एकाच वाक्याचे भाषांतर करण्याचा मोह टाळून त्या त्या घरात खरोखर बोलले जाणारे वाक्य त्या घरच्याच माणसाकडून लिहून घ्यावे.

फलक वर आणि खाली अशा दोन्ही दांड्यांत ताणून बसवावा, नाहीतर वाऱ्याने तो खांबाला गुंडाळला जातो. महापालिकेची परवानगी लेखी असावी आणि तिच्यात फलक उतरवण्याची तारीखही नमूद असावी. सगळे २४ एकदम न छापता आधी एकच छापून टांगा आणि समोरच्या पदपथावरून ती लिपी जाणणाऱ्या एखाद्या आजीबाईंना तो वाचायला सांगा.