कंट्रोलच हिरवा आला, आता काय?

प्रश्न : ताई, मी एम.एस्सी.ला आहे. मायटोकाँड्रिया धड आहेत का हे बघायला पेशींना जेसी-१ हा रंग दिला. धड असतील तर लाल, बिघडले असतील तर हिरवं दिसतं. औषध दिलेल्या पेशी हिरव्या दिसल्या, ते अपेक्षितच होतं. पण औषध न दिलेल्या, म्हणजे कंट्रोलच्या, पेशीही हिरव्याच! सर म्हणतात पेशी खराब आहेत. खरंच का? – एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : असतीलही. पण पेशींवर आळ घेण्याआधी तुझी ट्यूब बघ आणि मग दिवा बघ.

मायटोकाँड्रियाच्या, म्हणजे आपल्या शाळेतल्या तंतुकणिकेच्या, आतल्या पटलावर साधारण दीडशे ते एकशेऐंशी मिलिव्होल्ट विद्युतदाब असतो, आतली बाजू ऋण. जेसी-१ धनभारित, म्हणून तो आत ओढला जातो. दर साठ मिलिव्होल्टला आतली गर्दी दहापट वाढते. गर्दी झाली की त्याचे रेणू एकमेकांना चिकटतात आणि ५९० नॅनोमीटरच्या आसपास लाल चमकतात. सुटे असले की ५३० च्या आसपास हिरवे. म्हणजे लाल रंग खरं तर गर्दी दाखवतो, दाब नव्हे. रंगच कमी पोचला असेल, तर ठणठणीत मायटोकाँड्रियाही हिरवाच दिसणार.

हा रंग पाण्यात विरघळायला भारी कुरकुरतो. मी नवशिकी असताना डीएमएसओ या द्रावकातलं रंगाचं दाट द्रावण थेट थंड मीडियममध्ये, म्हणजे पेशींच्या पोषक द्रवात, सोडलं. डिशभर लाल ठिपके! आनंदाने गाइडना बोलावलं. त्यांनी शांतपणे पेशी नसलेल्या जागेवर बोट ठेवलं : ‘‘काचेलाही मायटोकाँड्रिया असतात का गं?’’ रंगाचा साका काचेवर बसला होता. तुझ्या बाबतीत साका ट्यूबच्या तळाशी राहिला असेल, तर पेशींना मिळालं फक्त वरचं फिकट पाणी. मीडियम ३७ अंशांवर आणून, थेंबथेंब घालत, लगेच ढवळ.

आता दिवा. फोकस शोधताना रंग चमकवणारा फ्लुरोसन्सचा झोत किती वेळ चालू होता? रंग आणि प्रकाश एकत्र आले की ऑक्सिजनचे उपद्रवी रेणू तयार होतात, आणि आपण बघता बघताच पटलाचा दाब कोसळतो. सोपी परीक्षा : फोकस साध्या उजेडात लाव, मग डिश कधीही न पाहिलेल्या कोपऱ्यात सरकव आणि झोत क्षणभरच टाक. तिथे लाल दिसलं तर गुन्हेगार दिवा. (लाल फिल्टर जागेवर आहे ना, हेही बघ. हसू नकोस, माझं झालंय.)

एवढं करूनही हिरवंच आलं, तर सरांचं म्हणणं खरं धरून ताज्या पेशी घे. सोबत एका डिशला एफसीसीपी हे रसायन दे. त्याने दाब मुद्दाम पाडला की खरं लाल नाहीसं व्हायला हवं. जमलं तर टीएमआरएम हा दुसरा रंगही वापरून बघ, २० नॅनोमोलर पुरे. मात्र तो धुऊन टाकू नकोस, पाहतानाही मीडियममध्ये राहू दे. या डोसला तो चिकटण्याबिकटण्याच्या भानगडीत पडत नाही. दाब पडला की मायटोकाँड्रियाची चमकच विझते.

आणि कंट्रोलच हिरवा असताना औषधाच्या ‘परिणामा’ची स्लाइड प्रेझेंटेशनमध्ये घातली असशील, तर आजच काढ.