फुलातली काजळी

पावसाळा सरता सरता सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, रानफुलं येतात, आणि पाठोपाठ फुला-पानांवरच्या बुरशीबद्दलची पत्रंही. त्यांतली चार.

प्रश्न : सड्यावरच्या गवताच्या तुऱ्यात दाण्यांऐवजी काळी भुकटी भरलीय. हात लावला की बोटं काळी होतात. ही काय भानगड? (रत्नागिरी)

उत्तर : ही काणी. ज्वारीवर, उसावर येते तिचीच रानातली भावंडं. बुरशी रोपाच्या आत गुपचूप वाढते आणि तुरा आला की दाण्याच्या जागी तिचे बीजाणू, म्हणजे बुरशीच्या बियाच म्हणा, भरतात. लव्हाळ्याच्या कुळातल्या काही तृणांवर फुलांच्या देठाच्या बुडाशी टणक काळं कडं दिसतं, तीही काणीच. नेमकी जात सूक्ष्मदर्शकाखालीच ठरते. नमुना कागदात गुंडाळून ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल धरून त्यावर दुसरीच बुरशी चढते.

प्रश्न : आंब्याच्या पानांवरची काजळी हीच का? (देवगड)

उत्तर : नाही. ती तुडतुड्यांच्या चिकट स्रावावर वाढते, पानात शिरत नाही. ओल्या फडक्याने पुसा, खाली हिरवं पान दिसेल. बंदोबस्त तुडतुड्यांचा करायचा.

प्रश्न : एक बुरशी मादी फुलाला नर करते असं वाचलं. खरं का? (विद्यार्थिनी, चिपळूण)

उत्तर : खरं, आणि माझ्या सर्वांत आवडीचा विषय! जायफळात नर आणि मादी झाडं वेगळी असतात हे तुम्ही बागेत पाहिलं असेल. युरोपातलं सायलीनी लॅटिफोलिया हे पांढऱ्या फुलांचं रोप तसंच. मायक्रोबोट्रियम ही बुरशी नर फुलाच्या परागकोशात परागाऐवजी जांभळट तपकिरी बीजाणू भरते. मादी फुलात परागकोश नसतातच, म्हणून बुरशी त्या फुलाकडून पुंकेसर घडवून घेते आणि बीजाशय खुरटं राहतं. संध्याकाळी उमललेल्या फुलावर पतंग येतो आणि पुढच्या फुलावर पराग न्यावा तसे बीजाणू नेतो. म्हणजे ज्या फुलावर पाहुणे जास्त, त्याला धोकाही जास्त. रोप मरत नाही, पुढच्या वर्षीही फुलतं. पण पुरतं बाधलेलं रोप बी धरत नाही. हे रोप अमेरिकेतही पोचलं आहे. तिथे व्हर्जिनियात जॅनिस अँटोनोविक्स हे शास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1988 पासून रस्त्याकडेच्या निरोगी आणि बाधित रोपांची दरवर्षी मोजदाद केली. एकाच फुलाकडे इतकी वर्षं बघत राहणाऱ्या माणसांबद्दल मला फार आदर वाटतो.

प्रश्न : भाताच्या लोंबीत नारिंगी गोळे आलेत. वडील म्हणतात, पीक चांगलं येण्याची खूण आहे. (लांजा)

उत्तर : वडिलांचं निरीक्षण चुकीचं नाही. देशात काही ठिकाणी याला ‘लक्ष्मी रोग’ म्हणतात, कारण दमट हवा आणि भरपूर खत मिळालेल्या जोमदार भातावर तो जास्त येतो. पण खूण म्हणून सोडून देऊ नका. रोगाचं नाव आभासी काजळी, म्हणजे खोटी काणी, असलं तरी ही बुरशी खऱ्या काणीच्या कुळातली नाही, बाजरीवर येणाऱ्या अरगट या बुरशीच्या नात्यातली आहे आणि विषारी द्रव्यंही तयार करते. नारिंगी गोळे पुढे हिरवट काळे होतात. ते दिसल्यावर फवारून उपयोग नसतो, कारण लागण भात पोटरीत असताना, म्हणजे लोंबी बाहेर पडण्याआधीच, झालेली असते. या खाचरातलं बियाणं ठेवू नका आणि पुढच्या वर्षी युरियाचा हात आखडता घ्या.