आर्कनाइट्स: कथा वाचावी की स्किप करत पुढे जावे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: टॉवर डिफेन्सची (वाटेवर बचावाचे मनोरे उभारून चाल करून येणाऱ्या शत्रूंना रोखण्याच्या खेळाची) आवड म्हणून तुम्ही आर्कनाइट्स हा मोबाइल गेम सुरू केला, पहिल्या दोन प्रकरणांतच संवादांच्या लांबीने कंटाळलात, आणि आता 'कथा हाच या गेमचा प्राण आहे' म्हणणाऱ्यांचे ऐकावे की 'सरळ स्किप करा' म्हणणाऱ्यांचे, हे तुम्हाला ठरवता येत नाही. माझे मत आधीच सांगतो. संवाद पसरट आहेत ही तक्रार रास्त आहे. पण या गेमची कथा केवळ संवादांत नाही. ती लढाईच्या पटावरही सांगितलेली आहे, आणि तिथे ती या प्रकारच्या गेममध्ये क्वचितच आढळेल इतक्या ताकदीने उतरली आहे. संवाद सरसकट वगळले तर पटावरचे हे कथन कळेनासे होते. त्यामुळे वाचावे, पण निवडून वाचावे.

पार्श्वभूमी तुम्हाला अर्धवट माहीत असेल. हायपरग्रिफ या चिनी कंपनीने हा गेम २०१९ मध्ये चीनमध्ये आणला आणि १६ जानेवारी २०२० रोजी योस्टारने तो इंग्रजी, जपानी व कोरियन भाषांत प्रसिद्ध केला. टेरा नावाच्या जगात ओरिजिनियम हे खनिज ऊर्जेचा आधार आहे आणि त्याच्याच संसर्गाने ओरिपथी हा असाध्य रोग होतो. रोग्याचा मृत्यू झाल्यावर त्याचे शरीरच संसर्गाचा नवा स्रोत बनते, त्यामुळे संसर्गितांना खाणींत राबवणे, हाकलणे, ठार मारणे हे या जगात नित्याचेच आहे. खेळाडू म्हणजे स्मृती गमावलेला 'डॉक्टर'. तो ज्या ऱ्होड्स आयलंडसाठी काम करतो ती नावाला औषधनिर्माण कंपनी आहे, पण तिच्याकडे स्वतःचे लढवय्येही आहेत. हा विषय जगभरच्या खेळाडूंच्या हाती नेमका २०२० च्या जानेवारीत पडला हा निव्वळ योगायोग, पण त्या वर्षी रोग्यांकडे संशयाने पाहणारी शहरे पडद्यावर पाहताना करोनाच्या साथीची आठवण न होणे अवघड होते.

आता खेळाकडे वळू. येथे मनोऱ्यांच्या जागी माणसे आहेत. प्रत्येक ऑपरेटरला, म्हणजे तुमच्या लढवय्याला, पटाच्या ठरावीक घरातच उभे करता येते: जवळून लढणारा जमिनीवर, दुरून मारा करणारा उंचवट्यावर. त्याचे तोंड कोणत्या दिशेला असावे हे उभे करतानाच ठरवावे लागते आणि मग बदलता येत नाही. जमिनीवरचा ऑपरेटर एका वेळी ठरावीक शत्रूंनाच अडवू शकतो, बाकीचे त्याला ओलांडून निळ्या चौकटीकडे, म्हणजे तुम्ही राखायच्या ठिकाणाकडे, निघून जातात. माघारी बोलावलेल्या ऑपरेटरला पुन्हा उतरवण्यापूर्वी थांबावे लागते, आणि त्यासाठी अधिक गुण मोजावे लागतात. हे सर्व सांगण्याचे कारण असे की या गेममध्ये तुम्ही ज्यांना 'अडवता' ते पहिल्या आठ प्रकरणांत मुख्यतः रियुनियन चळवळीचे लोक आहेत, म्हणजेच संसर्गित, आणि संसर्गितांवर उपचार करणे हेच तुमच्या कंपनीचे घोषित कार्य आहे. बहुतेक टॉवर डिफेन्समध्ये शत्रू का येतो याचा विचार करण्याची गरज नसते. येथे तो विचार केल्यावाचून लढाईला अर्थ येत नाही.

तुमच्या तक्रारीत तथ्य आहे ते सुरुवातीच्या तीन प्रकरणांबाबत. डावीकडे एक चित्र, उजवीकडे दुसरे, खाली मजकुराची पट्टी, आणि एकाच मुद्द्याभोवती घोळणारी दहा वाक्ये, असा तो प्रकार आहे. राज्यांची, संघटनांची नावे ओळख करून न देताच अंगावर येतात. स्मृती गेलेला नायक घेण्याचा मोठा फायदा हा की त्याला समजावण्याच्या निमित्ताने वाचकालाही समजावता येते, परंतु लेखकांनी तो फारसा घेतलेला नाही. ऱ्होड्स आयलंडच्या वैद्यकीय प्रमुख डॉ. कॅल्टसिट तर साध्या प्रश्नाचे उत्तरही आडवळणाने व लांबलचक देतात, आणि खेळाडूंमध्ये त्यांच्या भाषणांची थट्टा एव्हाना परंपराच होऊन बसली आहे. तरीही या भागात मिशाचे कथानक वाचायला हवे. लुंगमेन शहरात आश्रय शोधणारी ही संसर्गित मुलगी शेवटी रियुनियनमधील आपल्या भावाचा मुखवटा चढवून तुमच्याविरुद्ध उभी राहते. पुढे जे घडते त्याचा पाया येथे आहे.

यापुढे कथेतील मृत्यूंचा उल्लेख आहे. नको असल्यास पुढचे दोन परिच्छेद सोडून द्या.

रियुनियनच्या एका तुकडीची प्रमुख फ्रॉस्टनोव्हा प्रथम चौथ्या प्रकरणात समोर येते. ती रिकामी घरे गोठवून निकामी करते. ऑपरेटर उभा करण्यासाठी राखून ठेवलेली जागाच नाहीशी होते आणि ठरवलेली मांडणी कोलमडते. सहाव्या प्रकरणात थंडीचा परिणाम हाच नियम होऊन बसतो: एकदा गारठलेल्या ऑपरेटरचा हल्ल्याचा वेग मंदावतो आणि त्यावर पुन्हा थंडीचा मारा झाला तर तो पूर्णपणे गोठतो. त्याच प्रकरणातील संवादांत डॉक्टर आणि ती एकत्र अडकून पडतात, आणि जिच्या शरीराला हात लाववत नाही इतके ते थंड आहे, ती स्वतःजवळची झणझणीत तिखट गोळी डॉक्टरला देते. खाणीत जन्मलेली, तिथून वाचवली गेलेली, आपल्या तुकडीला भावंडांप्रमाणे सांभाळणारी ही मुलगी 'हरले तर ऱ्होड्स आयलंडमध्ये येईन' असा शब्द देते. मग लढाई होते. तुम्ही तिला पाडता, ती पुन्हा उठते, तुम्हाला तिला पुन्हा पाडावे लागते. पडद्यावर विजयाची नोंद झळकल्यानंतरच्या संवादात ती दिलेला शब्द पाळते आणि प्राण सोडते. ज्याने संवाद वगळले त्याच्या दृष्टीने हा केवळ दोन टप्प्यांचा त्रासदायक बॉस असतो.

सातव्या प्रकरणाच्या अखेरीस पेट्रियट येतो, म्हणजे फ्रॉस्टनोव्हाला मुलीप्रमाणे वाढवणारा वृद्ध सेनानी. त्याचा बचाव इतका भक्कम आहे की तुमचे नेहमीचे धनुर्धारी त्याला जेमतेम ओरखडा काढतात, आणि तो पावलागणिक पुढे येत राहतो. तोही एकदा पडून पुन्हा उठतो. मुलगी गेल्याचे त्याला ठाऊक आहे आणि चळवळीचा मार्ग चुकत चालल्याची जाणीवही आहे, तरी संसर्गितांना दिलेला शब्द तो मोडणार नाही, हे वाचलेले असले की त्याची ती संथ, न थांबणारी चाल म्हणजे केवळ आकडेमोड राहत नाही. माझ्या मते संपूर्ण गेममध्ये नियम आणि कथा इतकी एकजीव इतरत्र कुठेही झालेली नाही. आठव्या प्रकरणात ऱ्होड्स आयलंडची तरुण नेता अमिया दुरून मारा करणारी न राहता तलवार घेऊन लढू लागते आणि तुमच्या संघातही तिचे ते नवे रूप उपलब्ध होते, तो प्रयोगही चांगला आहे, पण त्याची धार एवढी नाही.

तेव्हा व्यवहारात असे करा. पहिल्या तीन प्रकरणांत मिशाचे प्रसंग सोडून बाकी ठिकाणी स्किप वापरा. स्किप करताना गेम थोडक्यात सारांश दाखवतो, तो मात्र वाचा. चौथ्यापासून आठव्यापर्यंत घाई करू नका. मुख्य कथेचा कंटाळाच आला तर उपकथांकडे वळा, कारण त्यांतील अनेक आता कायमस्वरूपी उपलब्ध आहेत आणि मागचे फारसे माहीत नसतानाही कळतात. घराण्याचा सरदारकीचा किताब टिकवण्यासाठी व्यापारी थाटाच्या स्पर्धांत उतरणाऱ्या मारिया निअरची कथा सुरुवातीला सर्वांत सोयीची आहे.

पैशांच्या भीतीविषयीही तुम्ही विचारले आहे. हा गाचा गेम आहे, म्हणजे नवे ऑपरेटर सोडतीसारखे नशिबाने मिळतात. सहा तारांकित ऑपरेटर मिळण्याची शक्यता दर वेळी २ टक्के असते आणि ५० प्रयत्नांत एकही न मिळाल्यास पुढे ती वाढत जाते. कथेसाठी मात्र त्यांची गरज नाही. कमी ताऱ्यांच्या ऑपरेटरांनी कठीण लढाया जिंकून दाखवणारे खेळाडू पुष्कळ आहेत, आणि मुख्य कथेच्या लढाया जपून वाढवलेल्या चार तारांकितांवर निभावतात.

राहिला ॲनिमेचा प्रश्न. योस्टार पिक्चर्सची मालिका ऑक्टोबर २०२२ पासून आली आणि तिच्या पहिल्या पर्वात कथेची सुरुवात जिथे होते त्या चेर्नोबॉग शहरापासून मिशापर्यंतचा भाग आहे, म्हणजे नेमका तोच भाग जो गेममध्ये सर्वांत रटाळ वाटतो. तो तिथे पाहून घेतला आणि गेममधील वाचन चौथ्या प्रकरणापासून सुरू केले, तरी काही बिघडत नाही. फ्रॉस्टनोव्हा पुढच्या पर्वात येते, पण तो भाग आधी गेममध्येच खेळावा असे मी सुचवेन, कारण गोठलेल्या घरांमुळे आपली मांडणी मोडण्याचा अनुभव पाहून येत नाही.