लाल आळ्या लई दिसतात, मग तळं चांगलं का?

प्रश्न: सर, आमच्या कॉलनीमागं तळं आहे. मागच्या रविवारी पोरानं नाल्याच्या तोंडाशी काठीनं चिखल उकरला तर दोऱ्यासारख्या लाल आळ्याच आळ्या वळवळायला लागल्या. एवढा जीव आहे म्हणजे तळं चांगलं असं मी म्हणतो, बायको म्हणते सडलंय. कोण बरोबर?
– एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर: वहिनी बरोबर आहेत दादा. आळ्या किती हे नाही, किती प्रकारचे जीव हे बघायचं असतं. चांगल्या तळ्याच्या तळाशी गोगलगायी, शिंपले, जळवा, चतुर अन् टाचणी (चतुराचाच बारीक भाऊबंद) यांची पिल्लं, मेफ्लाय नावाच्या उडत्या किड्याच्या आळ्या असा मोठा गोतावळा नांदतो. सांडपाणी आलं की बॅक्टेरिया ती घाण खातात अन् खाता खाता ऑक्सिजन संपवतात, तोही आधी तळाचा, म्हणून चिखल काळा पडतो, सडक्या अंड्यासारखा वास मारतो, आणि मेफ्लायसारखे नाजूक जीव पहिले जातात. तुमच्या लाल आळ्या तेवढ्या टिकतात कारण त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं, लाल रंग त्याचाच, थोडक्या ऑक्सिजनवर त्यांचं भागतं. त्यात डासासारख्या पण न चावणाऱ्या माशीच्या आळ्या असतील, नाहीतर ट्युबिफेक्स, म्हणजे गांडुळाचा भाऊबंद, डोकं चिखलात अन् शेपटी वर हलवत बसणारा. खायला भरपूर अन् खाणारे शत्रू गेलेले, मग संख्या वाढणारच ना.

पण सांडपाण्यावर सगळेच बोलतात, मला जास्त टोचतं ते सुशोभीकरण. तळ्यातला सगळ्यात श्रीमंत भाग म्हणजे काठाजवळचं उथळ, गवताळ पाणी, चतुराचं पिल्लू तिथंच गवताच्या काडीवर चढून कात टाकतं अन् उडतं. तिथं काँक्रीटची उभी भिंत अन् जॉगिंग ट्रॅक आला की ती जागाच संपली, पाणी कितीही स्वच्छ ठेवा.

दुसरं गाळाचं. आपल्या मराठवाड्यात तळी उन्हाळ्यात आटतातच, काही गोगलगायी चिखलात दार लावून पावसाची वाट बघत पडून राहतात, पण पोकलेननं अख्खा तळ एकदम खरवडला की त्या पण ट्रॉलीत जातात. २०१७ पासून सरकारच्या गाळयुक्त शिवार योजनेत असा गाळ शेतात जातो, शेतकऱ्याचा फायदाच आहे, माझा विरोध नाही, फक्त एका वर्षी अर्धाच तळ काढा, उरलेल्या अर्ध्यातून जीव परत पसरतात. गोड्या पाण्यातल्या मोठ्या शिंपल्यांना तर वेळ लागतो, त्यांची पिल्लं आधी माशाच्या कल्ल्यांना चिकटून वाढतात, मासे गेले तर शिंपलेही गेले.

सलीम अली सरोवरावर, जायकवाडीला आपण पक्षी बघायला जातो, पण चोच चिखलात खुपसणारा तुतवार खातो काय, तर हेच जीव.

पोराला घेऊन एक गंमत करा. हातमोजे घालून जुन्या चाळणीत थोडा चिखल नाल्यापाशी घ्या, थोडा गवताळ काठाला, तळ्याच्याच पाण्यात धुवून पांढऱ्या टबात ओता अन् प्रकार मोजा, नावं नाही आली तरी चालेल. दोन टबांतला फरक पोरगंच तुम्हाला सांगेल. झालं की चिखल जिथला तिथं सोडा, त्यात नखाएवढे शिंपले असू शकतात.